तेहतीस कपड्यांचे व्रत

आषाढात कांदेनवमी साजरी करून चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करणारी आणि कार्तिकी एकादशी उलटताच भज्यांची कढई पुन्हा चुलीवर चढवणारी घरे महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत. असेच एक मुदतबंद व्रत गेली काही वर्षे अमेरिकेतून निघून मुंबई-पुण्याच्या सुस्थित घरांपर्यंत येऊन पोहोचले आहे. हे व्रत कपड्यांचे आहे. कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईंनी २०१० साली ते सुरू केले. तीन महिने केवळ तेहतीस वस्तूंवर भागवावयाचे. कपडे, पादत्राणे, दागिने सारे त्यांतच मोजावयाचे. अंतर्वस्त्रे, झोपताना व व्यायामाला घालावयाचे कपडे आणि लग्नाची अंगठी मात्र हिशेबाबाहेर. उरलेले सर्व खोक्यात भरून दृष्टीआड करावयाचे. मूळ कल्पना याहून जुनी आहे. लंडनमध्ये सूझी फॉ यांच्या दुकानाने १९७० च्या दशकात ती रूढ केली, आणि १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला. कमी कपड्यांत भागवा हा उपदेशही प्रथम कपडे विकणाऱ्यांच्याच दुकानातून निघाला, हे जाता जाता नोंदवून ठेवावयास हरकत नाही.

पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याला या सगळ्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. अंगावर एक आणि दांडीवर एक याखेरीज तिसरा जोड ज्याच्या आयुष्यात फारसा आला नाही, शबनम पिशवीत एक सदरा, एक पायजमा आणि पंचा टाकून जो महिना-महिना दौऱ्यावर राहिला, त्याला तेहतीस ही संख्या व्रताची नव्हे, चैनीची वाटेल. परंतु हसून विषय सोडून देणे बरोबर होणार नाही. कपड्यांच्या वाढत्या कचऱ्याने अस्वस्थ झालेले अनेक तरुण समाजवादी विचाराकडे सहानुभूतीने पाहतात, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी असे व्रत जाहीरपणे घ्यावे की नाही, असा प्रश्न ते प्रामाणिकपणे विचारतात. त्या प्रश्नाला थट्टा हे उत्तर नव्हे. शिवाय, या देशाच्या राजकारणातील सर्वात गाजलेले वस्त्रव्रत हेही आरंभी मुदतीचेच होते, ही गोष्ट बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे.

१९२१ सालच्या सप्टेंबरात, मदुराई येथे, गांधीजींनी टोपी आणि बंडी उतरवली व केवळ पंचा नेसावयास प्रारंभ केला. गांधीजींचा पंचा म्हटला की आज डोळ्यांपुढे एक शाश्वत मूर्ती उभी राहते. पण २२ सप्टेंबरच्या त्यांच्या निवेदनात हा बदल निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांपुरता, जाहीर झाला होता. अंगाच्या रक्षणासाठी लागेल तेव्हा चादर घ्यावयाची मुभाही त्यांनी स्वतःला ठेवली होती. ही मुदत कोठून आली? जुलैअखेर मुंबईस भरलेल्या काँग्रेस महासमितीने परदेशी कापडावरील बहिष्कार ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण करण्याचा ठराव केला होता. स्वराज्याचे एक वर्षाचे आश्वासन संपत आले होते. वाल्टेर येथे मौलाना महंमद अली यांना १४ सप्टेंबरला अटक झाली होती. मुदत चळवळीच्या वेळापत्रकाने ठरवली होती. व्रतस्थाच्या मनःशांतीशी तिचा संबंध नव्हता.

आणि हे व्रत एका अगदी रोकड्या अडचणीचे उत्तर होते. परदेशी कापड टाका म्हणून सांगितले जात होते; पण टाकल्यावर घालावयाचे काय? खादी महाग होती, पुरेशी नव्हतीही. गरिबांनी अंगावरचे फेकून नवे विकत घ्यावे, असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? गांधीजींचे उत्तर असे की, खादीचा पूर्ण पोशाख परवडत नसेल तर पंच्यावर भागवा, आणि हे सांगणाऱ्याने प्रथम स्वतः ते करून दाखविले पाहिजे. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या सहकाऱ्यांनी टोपी-बंडी सोडून पंचा नेसावा अशी आपली इच्छा नाही, त्यांना स्वतःच्या कामासाठी जरूर वाटली तरच त्यांनी तसे करावे, असे त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट केले होते. त्याग हा गणवेश होऊ नये, याची ही काळजी होती. पुढील काळात त्यांच्या अनुयायांनी ती कितपत घेतली, हा प्रश्न निराळा. खादीची टोपी पुढे कोणकोणत्या डोक्यांवर चढली हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको.

३१ ऑक्टोबर आला आणि गेला, पंचा राहिला. १९३१ साली गोलमेज परिषदेला, बादशहाच्या राजवाड्यातही, तोच पंचा होता. १९४८ साली गोळ्या लागल्या तेव्हाचे रक्ताने डागळलेले वस्त्र मदुराईच्याच गांधी संग्रहालयात जतन केलेले आहे. मुदतीचे व्रत आजन्म टिकले ते सवयीमुळे नव्हे. ज्या कारणाने ते घेतले होते, ते कारणच संपले नाही.

या वस्त्रकारणातील सारेच निर्विवाद होते असे मात्र समजू नये. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात परदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली, तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर आणि चार्ल्स अँड्र्यूज या दोघाही मित्रांना ती रुचली नाही. देशात माणसे उघडी असताना कापड जाळण्याचा अधिकार कोणाचा, ही रवींद्रनाथांची शंका साधी होती आणि तितकीच अवघड. ज्या कापडाचा परित्याग हे आपण पवित्र कर्तव्य मानतो, तेच गरिबाच्या अंगावर टाकणे हा त्याचा अपमान आहे, हे गांधीजींचे म्हणणे नैतिकदृष्ट्या उंच खरे. परंतु थंडीने कुडकुडणाऱ्याला मानापमानाचा निर्णय स्वतः करू देणे अधिक लोकशाहीचे झाले असते. या एका मुद्द्यावर रवींद्रनाथांचे पारडे जड होते, असेच म्हणणे प्राप्त आहे.

मोजक्या कपड्यांचा दुसरा मोठा प्रयोग एखाद्या महात्म्याने नव्हे, सरकारने केला. १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रत्येक माणसास ६६ कूपने मिळाली. पुरुषाच्या तीन कपड्यांच्या सुटास २६, लोकरीच्या झग्यास ११, पुरुषी बुटांच्या जोडास ७ कूपने लागत. पैसे वेगळे मोजावे लागत ते लागतच. पुढे कोटा आणखी उतरला. १९४२ पासून विजारीची दुमड बंद झाली, दुहेरी बटणांच्या रांगांचा कोट बंद झाला, खिशांची आणि बटणांची संख्या ठरवून दिली गेली. विजारीच्या दुमडीसाठी इंग्रज पुरुषांनी जी तक्रार केली, ती पाहता साम्राज्यही त्यांना इतके प्रिय होते की नाही, अशी शंका यावी.

समाजवाद्याला या योजनेतील विशेष महत्त्वाचा भाग निर्बंधांचा नाही, ‘युटिलिटी’ कापडाचा आहे. कापडाचा धागा, वजन, वीण सरकारने ठरवली. किंमत बांधून दिली. या मालावरील विक्रीकर उठवला. आणि नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीस यांच्यासारख्या राजघराण्याच्या व उमरावांच्या शिंप्यांकडून त्याचे नमुने करून घेतले. कामगाराच्या बायकोला प्रथमच टिकाऊ आणि नीट बेतलेला कपडा आवाक्यातल्या दरात मिळू शकला. या योजनेने समता आणली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्याचे कपाट १९४१ पूर्वीच भरलेले होते, त्याला ६६ कूपने पुरून उरत; ज्याच्याजवळ काहीच नव्हते, त्याला कूपन असून पैसा नसे, आणि तो ते चोरून विकत असे. तरीसुद्धा मर्यादा सर्वांना होती आणि तिच्या मोबदल्यात काहीतरी सर्वांना मिळत होते. १५ मार्च १९४९ रोजी हे रेशनिंग संपले.

त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बंगालमध्ये, १९४३ च्या दुष्काळात अन्नामागोमाग कापडही नाहीसे झाले. नेसूचे फाटल्यावर झोपडीबाहेर पडता येईना, अशी अवस्था तेथील बायकांच्या वाट्याला आली. कापड नियंत्रणाचा हुकूम हिंदुस्थानातही १९४३ सालीच निघाला होता; परंतु लंडनमधील कूपन आणि बंगालमधील काळाबाजार यांच्यामध्ये स्वतःचे सरकार असणे आणि नसणे एवढे अंतर होते.

आता तेहतीस कपड्यांकडे पुन्हा वळले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानी येते. मदुराईच्या व्रतामागे चळवळ होती, ब्रिटनच्या मर्यादेमागे कायदा होता. या नव्या व्रतामागे फक्त एक कपाट आहे. कपाट आवरले की मन आवरते, सकाळी काय घालावे याचा विचार वाचतो, पैसा वाचतो: हे लाभ खरे आहेत, आणि त्यांत वाईट काही नाही. मात्र ते घालणाऱ्याचे लाभ आहेत. शिवणारी या हिशेबात कोठेच नाही.

ती कोठे आहे, हे जगाला २४ एप्रिल २०१३ रोजी कळले. ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया, गाडली गेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा पडल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील कामगारांना मात्र बोलावून घेण्यात आले. ‘मग आम्ही कमी कपडे घेतो’ असे सहृदय ग्राहक म्हणेल. पण २०२० च्या साथीत नेमके तेच घडले: श्रीमंत देशांनी खरेदी थांबवली, कंपन्यांनी अब्जावधी डॉलरच्या मागण्या रद्द केल्या वा लांबणीवर टाकल्या, काहींनी तर शिवून तयार झालेल्या मालाचे पैसेही अडवले, आणि ढाक्याच्या शिवणकामगारांना घरभाडे द्यावयास पैसा उरला नाही. जादा खरेदीने त्या मेल्या आणि कमी खरेदीने उपाशी राहिल्या. ग्राहकाच्या संयमाने हा पेच सुटत नाही, कारण नफ्याची वाटणी ग्राहकाच्या कपाटात ठरत नसते. राणा प्लाझानंतर जे काही सुधारले, ते मे २०१३ मध्ये कामगार संघटनांनी कंपन्यांकडून सही करून घेतलेल्या, कायद्याने बंधनकारक अशा सुरक्षा करारामुळे सुधारले.

गांधीजींनाही हा पेच टळला नव्हता. १९३१ च्या सप्टेंबरात ते मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ज्यांच्या बेकारीला हिंदुस्थानातील बहिष्कार काही अंशी कारण होता, त्या गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. त्यांचे ऐकून घेतले, हिंदुस्थानातील दारिद्र्य त्यांच्यापुढे मांडले, बहिष्कार मागे घेण्याचे आश्वासन दिले नाही. कामगार बायकांनी त्यांना घेरून हर्षाने काढलेले छायाचित्र प्रसिद्धच आहे. आपल्या त्यागाचा चटका दुसऱ्या कोणाला बसतो, त्याच्या दारात जाऊन उभे राहण्याची ही तयारी तेहतीस कपड्यांच्या नियमावलीत शोधूनही सापडणार नाही.

मुंबईकरांना तर हे घरच्या अनुभवावरून ठाऊक असावयास हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्याही पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकले, जेथे बारा तासांची पाळी आणि संघटनेचा अभाव हेच उद्योगाचे भांडवल ठरले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. गिरणी कामगाराची नात तेथे दुसऱ्या देशात शिवलेले कपडे घडी घालून मांडते.

लोहियांनी हा प्रश्न कधी कपाटापाशी नेऊन ठेवला नाही. १९६३ साली लोकसभेत येताच त्यांनी पंतप्रधानांवरील दररोजचा पंचवीस हजारांचा खर्च आणि कोट्यवधींचे दिवसाचे तीन आणे समोरासमोर उभे केले. पुढे वैयक्तिक खर्चावर कमाल मर्यादा घालण्याची मागणी सातत्याने केली. त्या मागणीत स्वेच्छेला वाव नव्हता, हेच तिचे बळ होते. सज्जनांनी कमी खर्चावे आणि उरलेल्यांनी मजेत राहावे, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. आज समाजवादी म्हणवणाऱ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांतही ही मागणी क्वचितच दिसते. कमी कपड्यांविषयी तरुणांना अमेरिकेकडून ऐकावे लागते, याला हे मौनही जबाबदार आहे.

तेव्हा ज्या कार्यकर्त्याला तीन महिने तेहतीस, वा तेरा, कपड्यांवर राहावयाचे असेल त्याने खुशाल राहावे. त्याची जाहिरात करू नये आणि ज्याला तेराच मिळत नाहीत त्याच्यापुढे तर मुळीच करू नये. जाहीर व्रतच घ्यावयाचे असेल तर मदुराईप्रमाणे त्याला मागणी जोडावी आणि मागणीला मुदत: यंत्रमाग कामगाराला किमान वेतन, आठ तासांची पाळी, शिवणकाम करणाऱ्या घरबसल्या बायकांची नोंदणी. राहता राहिले ते खोके. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी ते उघडून सारे पुन्हा कपाटात जाणार असेल, तर ती कांदेनवमीच झाली. आणि न उघडता दारावरच्या बोहारणीला द्यावयाचे असेल, तर निदान त्या दिवशी एका पातेल्यासाठी तिच्याशी घासाघीस करू नये. ती बाई उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन चार जिने चढून आलेली असते, आणि टाकलेल्या कपड्याचे पुढे काय होते हे सबंध इमारतीत फक्त तिलाच माहीत असते.