अठरा पेन्सांचा रुपया

दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, पुढे राज्यकर्त्यांनी त्याची माती केली, असे त्यात लिहिलेले असते. हे खरे नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी रुपयाची गाठ पौंडाशी बांधलेली होती. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत आणि पौंडाची किंमत ४.०३ डॉलर होती. भागाकार केला की डॉलर ३.३१ रुपयांना पडतो.

आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. त्याच्या पोटातली समजूत मात्र जास्त घातक आहे: रुपया जितका महाग, तितका देश मोठा. ज्या दरासह आपण स्वातंत्र्यात पाऊल टाकले, तो महाग रुपयाचाच दर होता, आणि तो मोडावा म्हणून या देशातली मोठी माणसे वर्षानुवर्षे भांडली होती.

१८७०च्या सुमारास रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता. पुढे युरोपातले देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदी उतरली आणि चांदीचा रुपयाही तिच्याबरोबर खाली गेला. सरकारची पंचाईत झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, रेल्वेच्या कर्जाचे व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च हे सगळे पौंडात भरायचे आणि कर गोळा व्हायचा रुपयांत. म्हणून जून १८९३मध्ये टांकसाळींची दारे लोकांच्या चांदीला बंद झाली. १८९९पासून सोळा पेन्सांचा दर स्थिरावला, म्हणजे पौंडाला १५ रुपये. पहिल्या महायुद्धाने ती घडी विस्कटली. १९२०मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांवर टिकवायचा प्रयत्न केला आणि तोंडघशी पडले. ज्या समितीने हा सल्ला दिला, तिच्यातले एकमेव भारतीय सदस्य दादीबा दलाल यांनी तिथेच भिन्नमत नोंदवले होते.

मग चलनाचा प्रश्न तपासायला हिल्टन यंग आयोग आला. १९२६मध्ये त्याने अठरा पेन्सांचा दर सुचवला. मुंबईच्या कापूस व्यापारातले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास या आयोगात होते. त्यांनी सोळा पेन्सांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. मुंबईत त्यासाठी चळवळ उभी राहिली, मध्यवर्ती कायदेमंडळात कडाक्याची झुंज झाली आणि १९२७मध्ये निसटत्या बहुमताने अठरा पेन्सांचा कायदा झाला.

दोन पेन्सांनी काय बिघडते? खानदेशातल्या किंवा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून बघा. परदेशात एका पौंडाला विकलेल्या कापसाचे सोळा पेन्सांच्या दराने १५ रुपये येतात, अठरा पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै गेले. शेतसारा रुपयांत ठरलेला, सावकाराचे कर्जही रुपयांत; त्यातली एक पैसुद्धा कमी होत नव्हती. उलट लँकेशायरचे कापड तेवढ्याच प्रमाणात स्वस्त पडून मुंबईच्या गिरण्यांच्या उरावर बसणार, आणि सरकारला लंडनची देणी भागवायला कमी रुपये लागणार. गांधीजींनी जानेवारी १९३०मध्ये व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यात सोळा पेन्सांचा दर दारूबंदीच्या पाठोपाठ आहे, मिठावरच्या कराच्याही आधी.

मात्र या वादात एक आवाज असा होता की जो गिरणीमालकांनाही अडचणीचा वाटावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि याच आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला होणारा नफा परदेशातून येत नाही, असे ते बजावत होते. किमती चढतात, मजुरी मागे रेंगाळते, आणि तो नफा मजुराच्या ताटातून उचललेला असतो. देशातल्या एका वर्गाचे दुसऱ्या वर्गाने घेतलेले ते धन आहे.

१९२७च्या त्या भांडणात माझा कौल सोळा पेन्सांनाच आहे, कारण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर महाग रुपया लादणे हा उघड अन्याय होता. पण आंबेडकरांचा प्रश्न त्या दरापेक्षा मोठा आहे. दर कोणताही असो, किंमत कोणाच्या घरातून वसूल होते, हे विचारायला त्यांनी शिकवले.

ती किंमत लवकरच दिसली. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तरी सरकार अठरा पेन्सांना चिकटून राहिले. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सोन्याशी नाते तोडले, रुपया पौंडाशीच बांधलेला राहिला आणि सोन्याचा रुपयांतला भाव चढला. मग खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचे दागिने सावकारामार्फत मुंबईत आले, आटवले गेले आणि बोटींतून बाहेर गेले. ही निर्यात थांबवा, ही मागणी सरकारने मानली नाही. घरातले शेवटचे सोने विकून लोक सारा भरत होते आणि कागदावर रुपया मजबूत होता. हे वाचताना मला आजही संताप येतो.

१९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, पाठोपाठ आपणही केले, डॉलर ४.७६ रुपयांवर गेला, पौंडाचा भाव मात्र तसाच राहिला. १९२७मध्ये कायद्याने बसवलेला तो दर मोडला ६ जून १९६६ रोजी, जेव्हा डॉलर साडेसात रुपयांचा आणि पौंड २१ रुपयांचा झाला.

आता दर बाजारात ठरतो आणि रुपया घसरला की बातमीत फक्त आकडा येतो. त्याच दिवशी नाशिकहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीमागे चार रुपये जास्त येऊ शकतात. त्याच महिन्यात आयात पामतेल महागून गिरणगावातल्या, लातूरमधल्या चुलीवरचा खर्च वाढतो, आणि परदेशी शिकणाऱ्या मुलीच्या शुल्कासाठी आईबापांना कर्ज वाढवून घ्यावे लागते. द्राक्षांचे ते वरचे चार रुपये बागायतदाराच्या हाती पडतात की निर्यातदाराकडेच थांबतात, हे त्या बातमीखाली छापले जावे, एवढी माझी मागणी आहे.