वाकून पाहायची गोष्ट

चवथीला मूळघराचं दार उघडलं की गणपतीच्या आधी सामोरा येतो तो कुबट वास. वर्षभर घर बंद, त्यात पावसाचे तीन महिने गेलेले. कपाटातल्या सोवळ्यावर पांढरी बुरशी, भिंतींना लोणा. "पावसाळ्यात हे असं व्हायचंच" म्हणत आम्ही सगळे फडकी घेऊन कामाला लागतो. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आता मात्र पटत नाही.

आमच्या दिवाणखान्याला लाकडी फळ्यांची जमीन आहे. खाली हात-दीड हात पोकळी आणि जोत्यात चारी बाजूंनी विटेएवढी भोकं. आजोबांच्या वेळी ती उघडी असत. पुढे साप-उंदीर येतात म्हणून काकांनी ती बुजवली आणि चिऱ्याच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. घर 'पक्कं' झालं! काही वर्षांनी पायाखाली दबणारी एक फळी उचलली, तर खालची तुळई बोट रुतेल इतकी मऊ. तिच्या अंगावर काळी-हिरवी बुरशी आणि कोपऱ्यात वाळवी.

कारण साधं आहे. उघड्या मातीतली ओल सतत वर येत राहते. बाहेर पडायला वाट नसेल तर ती लाकडात मुरते. चिरा सच्छिद्र, तोही जमिनीतलं पाणी शोषतो. चुन्याचा गिलावा ते हळूहळू हवेत सोडतो, सिमेंट मात्र आतच कोंडून ठेवतं.

आमच्या काकी चवथीचे पाचही दिवस खोकत काढायच्या. आम्ही धुपाला दोष द्यायचो. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सविस्तर मांडलं आहे.

यंदा पुतण्याने दिवाणखान्यात एसी बसवायचा विषय काढला, म्हणून हे लिहितोय. एसीने वरून फळ्या गार पडणार आणि पावसाळी हवेचा खालून त्यांना घाम फुटणार. अमेरिकेत दमट भागात अशी पोकळी पूर्ण बंद करतात, मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरतात, आतली हवा यंत्राने कोरडी ठेवतात. तेही चालतं, पण सगळं केलं तरच. आम्ही भोकं तेवढी बुजवली, माती उघडीच ठेवली. जुनं मोडलं आणि नवं अर्धंच केलं!

खरी अडचण पैशांचीही नाही. घराला अकरा वाटेकरी. माटोळीला, रंगाला सगळे हात लावतात. जमिनीखालची पोकळी कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. वारसा म्हणून आपण बाल्कांव आणि शिंपल्यांच्या खिडक्यांचे फोटो काढतो, आणि ज्यावर हे सगळं उभं आहे ते कुजू देतो.

गेल्या वर्षी मी भांडून भोकं उघडली, उंदरांसाठी जाळी बसवली आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर खणला. वास पूर्ण गेला नाही, पण कमी झालाय. भिंतींचं सिमेंट अजून तसंच आहे. त्यावर पुढच्या चवथीला भांडेन.

तुम्हीही मूळघरी जाल तेव्हा माटोळी पाहून झाली की एकदा वाकून जोतं पाहा.