निळी ताडपत्री म्हणजे सावली नव्हे

मंडळी, एप्रिल लागला की गल्लोगल्ली निळ्या ताडपत्र्या ताणल्या जातात. भाजीवाली मावशी, रसवंती, लग्नाची पंगत, रक्तदान शिबिर, सगळीकडे तीच. आपल्याला ते काही पटत नाही बुवा. ही वस्तू पावसासाठी केलेली आहे. उन्हात तिच्याखाली बसणं म्हणजे भट्टीत बसणं.

ते पातळ प्लास्टिक ऊन शोषून तापतं आणि उष्णता खाली आपल्या टाळक्यावर फेकतं. त्यातून वारा जात नाही, त्यामुळे गरम हवा वर कोंडून राहते. वर दुकानदार ऐटीत सांगतो, "साहेब, यूव्हीवाली आहे!" अहो, बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की उन्हाने प्लास्टिकचा लवकर चुरा होणार नाही. संरक्षण ताडपत्रीचं, तुमचं नाही. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न वाचता डिलिव्हरी देणं म्हणतात. शिवाय उन्हाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्के. जीव घेते ती बाकीची उष्णता.

मग काय घ्यायचं? शेडनेट. तिच्यावरचा ५०, ७५, ९० हा आकडा किती टक्के प्रकाश अडतो ते सांगतो. ५० ची रोपवाटिकेत ठीक, माणसांसाठी ७५ च्या पुढची बघा. जाळी असल्याने गरम हवा वरून निघून जाते. झावळ्यांच्या मांडवात गार वाटायचं ते काय उगाच? हं, पाऊस मात्र जाळी अडवत नाही. मावशींची निळी ताडपत्री आधीच बांधलेली असेल तर ती काढूही नका, तिच्या वर वीतभर अंतर सोडून जाळी ताणा. ऊन जाळी खाईल, मधून वारा खेळेल.

आणि पश्चिमेचं कोणीच बघत नाही! मेच्या मध्यात मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छत पुरतं. पण चारच्या सुमारास आठ फुटांवरच्या छताची सावली आठ-नऊ फूट पूर्वेला सरकलेली असते आणि पश्चिमेच्या रांगेतले लोक उन्हात. तिथे जाळीचीच एक कनात सोडायला किती खर्च येतो?

हे सगळं बारीकसारीक वाटत असेल, तर १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात, उघड्या मैदानात बसले होते. छत होतं ते मंचावर. उष्माघाताने १४ जण गेले. तिथे तर निळी ताडपत्रीसुद्धा नव्हती. पण अशा बातमीनंतर आयोजक काय करतात? चौरस फुटाच्या दराने मिळेल ते कापड ताणतात आणि 'मंडपाची व्यवस्था आहे' असं पत्रिकेत छापतात.

तेव्हा यंदा तुमच्या सोसायटीचा नाहीतर मंडळाचा मंडपवाला आला, की दर विचारायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा: जाळी किती टक्क्यांची, उंची किती आणि पश्चिमेला काय लावणार?