कुरव उडताना टिपावा, उडवून नव्हे



आजचा मथळा वाचून तुम्ही म्हणाल, खते-औषधे सोडून हे पाखरांच्या मागे कुठे लागले? पण विषय पोटापाण्याचाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी थोडी आंब्याची कलमे, थोडी माडाची बाग, आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या. थोरल्या मुलाने जुना कॅमेरा विकत घेतला आहे. सायंकाळी तो पाहुण्यांना खाडीवर नेतो आणि उडत्या कुरवांचे फोटो काढून देतो. ताई लिहितात, "फोटो काळेच येतात. पक्षी उडावेत म्हणून हा आरोळ्या ठोकून थवा उठवतो. हा उद्योग त्याला चार पैसे देईल, की शेतीतले हात तेवढे कमी होतील?"

ताई, आधी फोटो काळे का येतात ते पाहू. दोष कॅमेऱ्याचा नाही, उभे राहण्याच्या जागेचा आहे. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. म्हणजे सायंकाळी समुद्राकडे तोंड केले की ऊन डोळ्यांवर येते आणि पक्ष्याची सावलीची बाजू आपल्याकडे राहते. मग पांढराशुभ्र कुरवसुद्धा कावळ्यासारखा दिसणारच. पिसांवर सोनेरी ऊन हवे असेल तर सूर्य आपल्या पाठीशी पाहिजे. म्हणून खाडीच्या मुखाकडच्या बाजूला उभे राहावे आणि तोंड गावाकडे करावे. सरळ पुळणीवर उभे असाल तर उत्तरेकडे पाहावे. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो, त्यामुळे ऊन डाव्या खांद्यामागून येते.

आता वारा. खळ्यावर उपणायला उभे राहताना तुम्ही आधी वारा पाहता. इथेही तेच करायचे. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उठतो आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतो. दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणजे उतरणाऱ्या कुरवाचे तोंड समुद्राकडे असते, आणि सूर्यही तिकडेच असतो. तुम्ही समुद्र पाठीशी घेऊन उभे असाल, तर पक्षी तुमच्या दिशेने, छातीवर ऊन घेऊन, वेग कमी करीत येतो. वारा आणि ऊन दोन्ही आपल्या बाजूला झाल्यावर आरोळी कशाला हवी?

वेळही ठरलेली आहे. सूर्य कलला की त्याच्या किरणांना हवेच्या जाड थरातून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. डिसेंबरात रत्नागिरीकडे सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. म्हणून पाचच्या सुमारास जागेवर हजर असावे. सुकती केव्हा आहे हेही पाहून ठेवावे, कारण चिखल-वाळू उघडी पडली की पक्षी चरायला उतरतात.

कॅमेऱ्याची मांडणी सोपी आहे. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. १/१६०० असला तर पंखांची टोकेही स्वच्छ येतात. ऊन उतरू लागले की आयएसओ ४०० वरून ८०० वर, पुढे १६०० वर न्यावा, पण वेग सोडू नये. फोकस सतत बदलता राहील असा ठेवावा आणि एकापाठोपाठ एक फोटो निघतील अशी सोय चालू करावी. पांढऱ्याचा समतोल 'डेलाइट'वर ठेवावा. आपोआपवर ठेवला तर कॅमेरा उन्हाचा सोनेरी रंग चूक समजून पुसून टाकतो.

पांढऱ्या पक्ष्याची आणखी एक अडचण आहे. मागे काळोखे कांदळवन असले तर कॅमेरा फोटो उजळवायला जातो आणि कुरव चुना फासल्यासारखा दिसतो, पिसाची रेघ उरत नाही. अशा वेळी उजेड एक पायरी कमी करावा. मागे लख्ख आभाळ असेल तर उलट थोडा वाढवावा.

हात मात्र गोफणीचा हवा. माळ्यावरून पाखरे राखलेल्यांना हे सांगायला नको. दगड सुटला तरी हात लगेच थांबत नाही, फिरत राहतो. तसेच पाय फाकवून उभे राहावे, कोपरे बरगडीला टेकवावीत आणि कमरेतून वळावे. पक्षी दुरून येतानाच त्याला कॅमेऱ्यात धरावे, कळ दाबावी आणि नंतरही क्षणभर त्याच्याबरोबर फिरावे. फोटोत त्याच्या चोचीपुढे थोडी जागा सोडावी.

ज्यांच्याकडे मोबाइलच आहे त्यांनी दूरचा एकटा पक्षी ओढूनताणून मोठा करू नये, तो फुटतोच. त्यापेक्षा मावळत्या आभाळावर अख्खा थवा टिपावा. आभाळावर बोट दाबून धरावे, उजेड कमी करावा, आणि काळ्या आकृत्या मुद्दाम काळ्याच येऊ द्याव्यात.

आता ताईंच्या पत्रातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. थवा उठवणे आजपासून बंद करावे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटातल्या उंच सरोवरांवर वीण करतो. हजारो मैलांची ये-जा अंगातल्या चरबीवर चालते. चरत्या वेळी त्याला पुन्हा पुन्हा उठवणे म्हणजे कामाच्या बैलाला वैरणीवरून हुसकणे. असे रोज झाले की पक्षी ती जागा सोडतात. मग पाहुण्यांना दाखवायचे काय? मुलाने हे पाहुण्यांनाही समजावून सांगावे. मुले थव्यात धावली तर हटकायला लाजू नये.

खाणे टाकणेही नको. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींमागे कुरव लागतात आणि प्रवासी त्यांना तळलेले पदार्थ टाकतात. फोटो जवळून मिळतो हे खरे, पण तेल-मिठाचे तळण हे मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. कुरव जवळून पाहायचेच असतील तर हर्णैसारख्या बंदरात सायंकाळी मासळीचा लिलाव असतो, तिथे जावे. ते तिथे आपल्या पायांनी येतात, म्हणजे पंखांनी!

उडत्या पक्ष्याच्या फोटोला आणखी एक मोल आहे. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे दोन्ही कुरव डोक्याने पांढरेच दिसतात, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा राहतो. ओळख पटते ती पसरलेल्या पंखावर. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते. कधी पायात संशोधकांनी घातलेले कडेही दिसते. असा फोटो तारीख आणि गावाच्या नावासह वहीत नोंदवावा आणि 'ईबर्ड' या जागतिक नोंदवहीतही द्यावा. पाच वर्षांनी खाडीत पक्षी वाढले की घटले, हे गावाला सांगता येईल.

देशावरच्या वाचकांनीही निराश होऊ नये. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात कुरव उतरतात. सूर्य पाठीशी, वारा पाठीशी, हा नियम तिथेही लागू आहे. फक्त तिथला वारा त्या दिवशी पाहून घ्यावा.

तेव्हा ताई, मुलाला अडवू नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावाचे उदाहरण घ्या. तिथल्या लोकांनी कासवांची घरटी राखली, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. राखण आधी, कमाई मागून. मात्र हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे. कुरव मार्चनंतर परततात आणि तेव्हा आंबा हाताशी येतो. वर्षाची घडी अशी बसवा की दिवसाउजेडी कलमांची कामे उरकतील आणि सायंकाळचा एक तास खाडीचा राहील. पहिले आठ दिवस त्याने फोटो न काढता नुसते वारा कुठून आला, पक्षी कुठे उतरले हे वहीत लिहावे. त्या वहीवरून जागा ठरेल, आणि मग पाहुण्यांना घेऊन जावे.