ताण सोसणारा मेंदू केव्हा घडतो?

एकाच संकटातून गेलेल्या दोघांपैकी एक जण काही महिन्यांत सावरतो, दुसऱ्याची झोप वर्षानुवर्षं उडालेली असते. हा फरक मेंदूतही दिसतो, यावर आता फारसं दुमत नाही. मतभेद आहेत ते तो केव्हा घडतो, याबद्दल.

जन्मजात घडणीवर भर देणाऱ्यांच्या हाती भक्कम पुरावा आहे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आठवणी घडवतो आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला आवरही घालतो. व्हिएतनाम युद्धात लढलेले अमेरिकी सैनिक आणि लढाईवर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. युद्धानंतर तीव्र पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) जडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच. पण घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही तसाच लहान निघाला. म्हणजे हा दुबळेपणा निदान काही अंशी युद्धाआधीचा होता.

मात्र ‘युद्धाआधीचा’ म्हणजे ‘जन्मजात’च, असं नव्हे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं एक असतात, तसंच गर्भाशय आणि बहुधा बालपणही. इथे बुखारेस्टचा प्रयोग मोलाचा ठरतो. रोमानियातल्या अनाथालयांतली १३६ मुलं निवडून त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पालक-कुटुंबांकडे सोपवली गेली. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास ताण देऊन पाहिलं, तेव्हा संस्थेतच ठेवलेल्या मुलांचा शारीरिक प्रतिसाद मंदावलेला आढळला. दीड-दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा प्रतिसाद मात्र सर्वसाधारण मुलांसारखा होता.

दुसरीकडे, पहिल्या दोन वर्षांवर एवढा भर दिला, की उशिरा घर मिळालेलं मूल ‘हातचं गेलेलं’ ठरण्याची भीती आहे. ही शंका रास्त आहे. शिवाय जुळ्यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी सैन्यभरतीत मेंदूची चाचणी सुचवलीच, तर त्यामागची काळजीही खोटी म्हणता येणार नाही: माणसाला झेपणार नाही अशा जागी का पाठवायचं? पण सरासरीतला फरक एकेका उमेदवाराचं भविष्य सांगत नाही.

माझा कल बालपणाकडे झुकतो. चाचणी फार तर काहींना दाराबाहेर ठेवेल. वेळेवर मिळालेलं घर शरीराची घडणच बदलू शकतं. उशिराच्या मुलांचा प्रश्न यानं सुटत नाही, हे खरं. तरीही कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी आढळल्याची नोंद बुखारेस्टच्याच प्रकल्पात आहे. म्हणून दोन वर्षांची मर्यादा उलटली या कारणावरून एकाही मुलाचा पालक-कुटुंबासाठीचा अर्ज मागे पडता कामा नये.