खेळाडूच्या पिशवीत पिस्तूल हवे का?



खेळाडूंनी स्वसंरक्षणासाठी परवान्याचे पिस्तूल जवळ बाळगावे का? मोठ्या मुलांच्या वर्गात हा विषय निघाला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे बरेच निघाले. प्रसिद्ध माणसावर कोणीही हल्ला करू शकतो, मग त्याने हातावर हात ठेवून बसायचे का, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. तरीही आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या लुडविग्सहाफेनहून ऱ्हाईन ओलांडली की मानहाइम. स्टेफी ग्राफचा जन्म तिथला, आणि ती वाढली जवळच्याच ब्रूल गावात. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये तिच्या एका माथेफिरू चाहत्याने मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. १९ वर्षांची सेलेस तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होती. ती जागा स्टेफीला परत मिळावी, एवढ्यासाठी त्याने हे केले! जखम भरली, पण मनातली भीती गेली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ सेलेस स्पर्धांत उतरली नाही. हल्लेखोराला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. म्हणजे तो मोकळाच सुटला. सेलेस मात्र जर्मनीत पुन्हा कधीच खेळली नाही.

आता विचार करा, तिच्या पिशवीत पिस्तूल असते तर? ती विश्रांतीसाठी खुर्चीवर बसली होती आणि वार मागून झाला. पिस्तूल काढायला वेळच नव्हता. काढले असते, तरी चहूकडे प्रेक्षकच होते. खुर्चीमागे सावध रक्षक उभा असता, तर मात्र ती वाचली असती.

जर्मनीचा कायदाही असेच मानतो. इतरांपेक्षा आपल्या जिवाला बराच जास्त धोका आहे हे पटवून दिल्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मिळत नाही. आणि मिळाला तरी क्रीडास्पर्धेत ते नेण्यास सर्वसाधारणपणे बंदीच आहे.

घरात ठेवले तर? दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्याकडे परवान्याचे पिस्तूल होते. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असे वाटले, असे त्याचे म्हणणे. आत होती त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प. ती गेली. पुढे तो खुनाचा दोषी ठरला. भ्यालेल्या माणसाच्या हाती पिस्तूल असले की काय होते, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

कोणी म्हणेल, आपल्या नेमबाजांचे काय? कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकलाच रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली. तिचा आम्हाला अभिमान आहे. पण ती रायफल खेळाचे साधन आहे. लक्ष्य कागदाचे, आणि स्पर्धा संपली की हत्यार रिकामे करून कुलपात.

खेळाडूला जपण्याची जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्यांची, पोलिसांची आणि न्यायालयाची आहे. ती त्यांनी चोख पार पाडावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. एकट्या खेळाडूच्या हाती पिस्तूल देऊन त्यांना मोकळे सोडू नये. आणि आपल्या आवडत्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवताना दुसऱ्याचा द्वेष करू नये, एवढे तर आपण सर्वांनीच पाळावे.

तुमचे मत वेगळे असेल, तर दहा ओळी मराठीत लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.