बिल्ल्याखालचा माणूस दाखवा

बिल्ले जमवणाऱ्या रसिकांनो,

तुमचा छंद आम्हाला ठाऊक आहे. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. तुम्ही जमवता गोऱ्या साहेबाच्या आफ्रिकेतल्या पोलिसांचे टोपीवरचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं, पट्ट्याची बक्कलं, बटणं. ब्रासोनं घासता, मखमलीवर टाचता, काचेत ठेवता. खाली चिठ्ठी: देश, साल, धातू. झाला इतिहास!

आम्ही हिंगोलीकडची पोरं. आमच्याकडं चोरबाजार न्हाई का लिलाव न्हाई. पण बिल्ला म्हंजे काय ते तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त कळतं. तुम्ही तो तळहातावर घेऊन बघता. आम्ही तो जमिनीवर पडून, खालून वर बघितलाय.

तुमच्याच पेटीतला एक बिल्ला काढा. ‘ब्रिटिश साऊथ आफ्रिका पोलीस’. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीसाठी १८८९ साली हे दल उभं राहिलं आणि झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या १९८० पर्यंत नांदलं. बिल्ल्यावर सिंह आहे. सिंहाच्या छातीत भाला घुसलाय. भाला कुणाचा? काळ्याचा. म्हंजे ज्यानं जमीन गिळली तो जखमी, आन् ज्याची गेली तो मारेकरी! गावकुसाबाहेरच्या माणसाला ही भाषा नवी वाटत न्हाई. शोना आणि नडेबेले लोक १८९६ साली उठले. त्यांच्यातल्या नेहांडा नावाच्या बाईला १८९८ साली फासावर चढवलं. तिचं नाव तुमच्या कुठल्या चिठ्ठीवर आहे?

दुसरी वस्तू काढा. केनियातलं ‘किपांडे’. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या काळ्या पुरुषाला नोंदणीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. बोटांचे ठसे, मालकाचं नाव, सगळं त्यात. डबी नसली की पोलीस धरणार. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात पेशवाईनं मडकं बांधलं होतं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. मडकं फुटून गेलं, डबी तेवढी संग्रहात गेली. दोन्हींचा कुंभार एकच.

त्याच केनियात ३ मार्च १९५९ ला होला छावणीत पहारेकऱ्यांनी ११ कैदी बडवून मारले. सरकारनं आधी सांगितलं, पाणी पिऊन मेले! ब्रिटिश सरकारला त्या काळातल्या छळाबद्दल खेद व्यक्त करायला २०१३ साल उजाडावं लागलं. ५,२२८ म्हाताऱ्या-कोताऱ्यांना भरपाई कबूल केली. त्या म्हाताऱ्यांच्या पाठीवरचे वळ कुणी काचेत ठेवले न्हाईत.

आता खरी मेख ऐका. त्या बिल्ल्यांखाली बहुतेक काळीच डोकी होती. अधिकारी गोरा, शिपाई काळा. गोऱ्यानं बिल्ला दिला, पगार दिला, काठी दिली आणि म्हटला, जा, तुझ्याच भावाला हाण. आमच्या गावगाड्यानं दुसरं काय केलं? येसकराच्या हातात घुंगरांची काठी दिली आणि त्यालाच रात्रभर गावाची राखण करायला लावलं. चोरी झाली की पहिला जाब त्यालाच. मोबदला काय, तर शिळ्या भाकरीचे तुकडे. आमच्या आज्यानं धर्मांतरानंतर ती काठी चुलीत घातली. बेस केलं. पण त्या काठीच्या वजनाचा हिशेब कुणी लिहून ठेवला न्हाई.

म्हणून बिल्ल्याकडं आम्ही एका डोळ्यानं बघू शकत नाही. महारांची लष्करातली भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेला अर्ज धाडला: आम्हाला लष्करात घ्या, पोलिसात घ्या. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढं स्तंभ काढून खंजीर आला. कुणाला हा बिल्ला धातूचा तुकडा. आम्हाला तो भाकरी होता, ताठ मान होती. आणि ते देणारा हात साहेबाचाच होता, हेही विसरायचं नाही.

आजही हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. वस्तीतली पोरं पहाटे उठून भरतीसाठी पाच किलोमीटर पळतात. पळा, भावांनो! ती नोकरी तुमच्या हक्काची. पण त्याच राखीव दलाच्या गोळीबारात ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आमची १० माणसं पडली, हे पाठ करून पळा. आणि डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगभर जखमा निघाल्या, तरी आजाराचं नाव पुढं केलं गेलं. होलाचं पाणी आठवतं का?

महाराष्ट्र पोलिसांच्या बिल्ल्यावर लिहिलंय: सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. सत् कोण, खल कोण, हे ठरवणार कोण? १८७१ च्या कायद्यानं तर अख्ख्या जमाती जन्मताच खल ठरवल्या होत्या.

तेव्हा रसिकांनो, बिल्ले फेका असं आम्ही म्हणत नाही. फेकले तर पुरावा जाईल, आणि पुरावा नष्ट करायची घाई नेहमी मारणाऱ्याला असते. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बिल्ल्याखालच्या चिठ्ठीवर दोन नावं लिहा. हा कुणी घातला? आणि हा घालून कुणाला मारलं? नावं सापडत नसतील तर जागा कोरी सोडा. ती कोरी जागाच बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपू द्या.

आणि दोस्तांनो, तुमच्याही घरात ट्रंकेच्या तळाला कुणाचा पट्टा, कुणाचं पदक, कुणाचा पितळी बिल्ला पडलेला असेल. मोडीत किलोवर घालू नका. आजी जिती आहे तोवर तिला इचारा आणि वहीत उतरवून घ्या. आमचा इतिहास दुसऱ्यानं चकाकवायच्या आधी आपणच तो गंजासकट मांडू.

जय भीम!